कमानीवरचं नाव

‘पैसा कुणाचा का असेना, काम तर चांगलं होतंय ना?’ १४ नोव्हेंबरच्या, म्हणजे जागतिक मधुमेह दिनाच्या आसपास हे वाक्य दर वर्षी कानावर येतं. या आठवड्यात ते इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडून आलं की त्याला उत्तर देणं टाळता येत नाही. मधुमेह-संशोधनाच्या निधीसाठी मेजवानी, कमानीवर प्रायोजकांची नावं, त्यांत एखादं शीतपेयाचं नाहीतर बिस्किटांचं, आणि व्यासपीठावर दाराएवढा पुठ्ठ्याचा धनादेश धरून उभे असलेले डॉक्टर. असले फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या पुठ्ठ्याच्या धनादेशाचा मला किती राग आहे, हे या स्तंभाच्या वाचकांना ठाऊक आहे. बँकेत न चालणारा कागद फोटोसाठी मुद्दाम करून घ्यावा लागतो, तेव्हा देण्याआधी दिसण्याचा विचार झालेला असतो. पण या वेळचा राग तेवढ्यापुरता नाही. ज्या आजारासाठी सभागृह भरलं, त्याच आजाराला खतपाणी घालणाऱ्या मालाचं नाव तिथे सर्वांत मोठ्या अक्षरांत लागतं आणि कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही, हे मला सहन होत नाही.

वर दिलेलं वाक्य एका घोटाळ्यावर उभं आहे. त्यात प्रायोजकाला दाता मानलं आहे. दाता देतो आणि बाजूला होतो. प्रायोजक देतो तेव्हा बदल्यात काय मिळणार ते आधी ठरलेलं असतं: कमानीवर नाव कुठे येणार, अक्षरं केवढी असणार, पहिल्या रांगेतली टेबलं किती, सूत्रसंचालकाने नाव किती वेळा घ्यायचं. मोबदला ठरवून दिलेल्या पैशाला आपल्या भाषेत किंमत म्हणतात. हे माझं खुसपट नाही, देशाचा कायदाही तेच सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करावी लागते. या खर्चाबाबत कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ मध्ये परिपत्रक काढलं. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती, दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असले एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरायचे नाहीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं. जानेवारी २०२१ च्या नियमांत आणखी पुढचं लिहिलं गेलं: आपल्या मालाच्या विपणनाला फायदा व्हावा म्हणून केलेलं प्रायोजकत्व ही सामाजिक जबाबदारी नव्हे. जो खर्च सरकारच्या हिशेबात परोपकार ठरत नाही, त्याच्यासाठी आपण सभागृहात शाल-श्रीफळ घेऊन उभे राहतो.

यावर लगेच म्हटलं जातं, किंमत तर किंमत, पैसा प्रयोगशाळेपर्यंत पोचला ना? पोचला. पण त्या किमतीत विकलं काय गेलं, ते पाहायला हवं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना सुमारे साडेसहा हजार डॉलर दिले. १९६७ साली त्यांचा लेख एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आला. हृदयविकाराचा सगळा दोष त्यात स्निग्ध पदार्थांवर गेला आणि साखर सुटली. पैसे कुणी दिले, हे त्या लेखात कुठेच नव्हतं. ते उघड व्हायला २०१६ साल उजाडलं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं लोक तूप-लोणी मोजत राहिले आणि चहातल्या साखरेकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. कोका-कोलाच्या पैशावर उभं राहिलेलं शास्त्रज्ञांचं एक मंडळ ‘काय खाता-पिता यापेक्षा व्यायाम किती करता ते पाहा’ असं सांगत होतं. २०१५ मध्ये वृत्तपत्रांनी त्याचा पैसा कुठून येतो ते छापलं आणि वर्ष संपायच्या आत ते मंडळ गुंडाळावं लागलं. बोस्टनच्या दोन संशोधकांनी २०११ ते २०१५ या काळातल्या नोंदी चाळल्या, तेव्हा कोका-कोला किंवा पेप्सीचा पैसा घेणाऱ्या ९६ राष्ट्रीय आरोग्य संस्था सापडल्या. अमेरिकेतली मधुमेहाची सर्वांत मोठी संघटना त्यांत होती.

या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट २०११ ची आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात केएफसीच्या एका दुकानाने जवळजवळ दोन लिटरचा शीतपेयाचा जग २.९९ डॉलरला विकायला काढला. त्यातला एक डॉलर लहान मुलांच्या मधुमेहावर संशोधन करणाऱ्या संस्थेला जाणार होता. त्या जगात छप्पन्न चमचे साखर भरते, असा हिशेब तेव्हा प्रसिद्ध झाला होता. संस्थेचं उत्तर असं होतं की ती ज्या मधुमेहावर काम करते, तो टाइप वन, गोड खाल्ल्याने होत नाही. हे शास्त्राला धरून आहे. पण जगावर वाचणाऱ्याला दिसतो तो एकच शब्द, मधुमेह, आणि टाइप वन असलेल्या मुलालासुद्धा तो जग तोंडाला लावता येत नाही. शब्द खरा ठेवून समज खोटा पसरवता येतो, आणि प्रायोजकाला हवा असतो तो समजच. आपल्याकडे लहान बाळांच्या बाबतीत हे संसदेने ओळखलं. बाळांच्या दूध-पावडरीच्या विक्रीवर बंधनं घालणारा कायदा १९९२ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. अशी पावडर बनवणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संघटनांना परिषदा, चर्चासत्रं, शिष्यवृत्त्या किंवा संशोधनासाठी पैसा देणं त्या कायद्याने बंद आहे. ‘पैसा कुणाचा का असेना’ हे वाक्य तिथे चालत नाही. मोठ्या माणसांच्या ताटाबाबत मात्र ते अजून चालतं.

आणि आपल्या मधुमेहाला कसलं संशोधन लागतं? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरची माणसं मोजली. गोव्यात प्रमाण देशात सर्वाधिक निघालं, २६.४ टक्के. हे सगळं एकट्या साखरेने झालं असं मी म्हणत नाही, आणि तसं नाही हे आपल्याला कळलं ते पुण्याच्या कामामुळे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायांचं खाणं, त्यांचं शेतातलं राबणं आणि त्यांच्या बाळांची वजनं टिपली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांहून पाऊण किलोच्या आसपास हलकी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी धरलेली ही बाळं पुढे मधुमेहाच्या वाटेवर असतात. आईच्या पोटात पालेभाजी, दूध, फळं किती गेली, ब-१२ जीवनसत्त्व किती होतं, गरोदरपणात ती शेतात किती राबली, हे प्रश्न त्या कामाने उभे केले. असल्या प्रश्नांतून विकायला माल निघत नाही. उत्तर शोधायला वीस-पंचवीस वर्षं त्याच गावांत, त्याच मुलांमागे राहावं लागतं. एका रात्रीच्या मेजवानीवर हे काम उभं राहत नाही.

जाणता वाचक इथे मला अडवील आणि त्याने अडवायलाच हवं. पुण्याच्या या कामाला वेलकम ट्रस्टचा मोठा आधार मिळाला, आणि त्या ट्रस्टचा पैसा मुळात औषधं विकूनच आला होता. हे खरं आहे. पण हेन्री वेलकम यांनी मृत्युपत्राने १९३६ मध्ये मालकी विश्वस्तांकडे सोपवली आणि पुढे त्या विश्वस्तांनी कंपनीतला हिस्साही विकून टाकला. शिरूरकडच्या गावांत बाळ तोलताना ताजव्यावर कुठल्या गोळीचं नाव नव्हतं. पैसा अगदी निर्मळ असावा असा माझा हट्ट नाही. तसा पैसा असतो की नाही, याचीच मला शंका आहे. देणाऱ्याने हातातली दोरी सोडली का, एवढं मी विचारतो.

‘कार्यक्रम केला नाही तर लोक देत नाहीत’ हा दुसरा बचाव. मराठी माणसाने तरी तो करू नये. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका पडद्यामागे आल्या, तिकिटं महाग होती, आणि थिएटर भरलं. कलावंतांनी कला दिली, प्रेक्षकांनी पैसे दिले. समारंभाशी माझं भांडण नाहीच. तो कुणाच्या मालासाठी उभा केला, याच्याशी आहे. खर्च किती आणि निधीत किती गेले हा हिशेब आयोजकांनी छापावा, एवढंच याबाबत म्हणतो. तो छापलेला फारसा दिसत नाही.

हे सगळं वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून पाहताना आणखी खुपतं. धाम नदीच्या काठावर विनोबांनी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला, तो पैशाच्या तिरस्कारातून नव्हता. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची पैशाने काय गत होते, ते त्यांनी पाहिलं होतं. १९५२ च्या संपत्तिदानात त्यांनी रोकड हातात घेतली नाही. दात्याने पैसा स्वतःजवळच ठेवायचा, ठरल्या कामावर स्वतः खर्च करायचा आणि हिशेब पाठवायचा. फलक नाही, सत्कार नाही, जबाबदारी मात्र दर वर्षाची. १९५६ च्या अखेरीस त्यांनी भूदानाच्या कामाला गांधी स्मारक निधीच्या पैशातूनही मोकळं केलं. त्याने अनेक ठिकाणचं काम विस्कटलं, हे झाकून ठेवायचं कारण नाही. आणि विनोबा पवनारला येऊन राहिले तो बंगला जमनालाल बजाज यांचा, एका व्यापाऱ्याचाच होता, हेही सांगायला हवं. पण ती जागा आज परमधाम म्हणून ओळखली जाते. बजाजांचं नाव शोधावं लागतं.

निधी गोळा करण्याचा आपल्या जिल्ह्याचा स्वतःचा एक नमुना आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आणि डॉ. उल्हास जाजू यांनी भोवतालच्या गावांत आरोग्य विम्याची योजना चालवली. तिचा हप्ता सुगीत ज्वारीने भरायचा, ज्याची जेवढी ऐपत त्याने तेवढा. गावातली बहुसंख्य घरं सामील झाली तरच गाव योजनेत यायचं. आज मधुमेह्याला डॉक्टर ज्या ज्वारीची भाकरी खायला सांगतात, तीच ज्वारी इथे गावाच्या औषधपाण्याचा निधी होती. तिच्या पोत्यावर कुणाचं नाव नव्हतं.

कुणाचे वडील मधुमेहाने पाय गमावून गेले आणि त्या आठवणीत त्याने सभागृहाचं भाडं भरलं, तर मी टेप घेऊन त्याच्या नावाची अक्षरं मोजायला जाणार नाही. असली माणसं बहुधा नावच लावू देत नाहीत. माझं म्हणणं व्यासपीठावरच्या डॉक्टरांपाशी आहे. पुढच्या नोव्हेंबरात निमंत्रण आलं तर त्यांनी जरूर जावं. मात्र ध्वनिक्षेपक हातात येईल तेव्हा कमानीवर ज्याचं नाव आहे त्याच्या बाटलीत किती चमचे साखर असते ते सगळ्यांसमोर सांगावं, आणि हे सांगणार असल्याचं निमंत्रण स्वीकारतानाच आयोजकांना लेखी कळवावं.