पाण्याचें ऋण

एखाद्या गांवाचें पाणी शुद्ध व्हावें म्हणून सार्वजनिक तिजोरींतून पैसा दिला जातो, तेव्हां त्याला दान म्हणावें कीं ऋणाची फेड? हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. दान दात्याच्या मर्जीवर अवलंबून असतें. ऋण मागण्याचा धनकोस हक्क असतो.

मुळशी खोऱ्याचा इतिहास आठवला म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. नीला व मुळा यांच्या संगमावर टाटांच्या कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां मावळ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं 1921 पासून 1924 पर्यंत सत्याग्रह केला. तरीही धरण झालेंच. भाताचीं खाचरें बुडालीं, गांवें उठलीं. आणि तें पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस भिरा येथें उतरून मुंबईसाठीं वीज निर्माण करूं लागलें. ज्या खोऱ्यानें, तेंही स्वेच्छेनें नव्हे, इतकें दिलें, त्यानें शुद्ध पाण्यासाठीं याचकासारखें हात पसरावे काय?

तीच मुळा धरणाखालून हिंजवडीच्या परिसरांतून पुण्याकडे जाते, मुठेस मिळते आणि पुढें भीमेच्या द्वारें उजनीच्या जलाशयांत पोंचते. मुळा-मुठेच्या शुद्धीसाठीं 2016 सालीं 990.26 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तींत केंद्राचा वाटा शेंकडा 85 होता. परंतु ही योजना पुणें शहरापुरती होती. वरच्या गांवांचें सांडपाणी तसेंच नदींत येत राहिलें, तर हें ओसरी झाडून अंगण तसेंच ठेवण्यासारखें होईल.

यावर कोणी म्हणेल कीं, फुकट मिळालेल्या वस्तूची कोणी निगा राखीत नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे. 2019 सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें गांवांतील कामाच्या खर्चाचा शेंकडा 5 किंवा 10 हिस्सा लोकवर्गणी म्हणून मागितला, तो याच विचारानें. आपल्या नळासाठीं गांवकऱ्यांनीं यथाशक्ति वर्गणी द्यावी, हें आम्हांस मान्य आहे. त्यामुळें हिशेब विचारण्याचें धैर्य येतें. पण टोलेजंग इमारतींच्या मैल्याचा भार वाडीवरच्या शेतकऱ्यावर पडूं नये. तो ज्यांचा त्यांनीं उचलावा आणि उरलेला समाजानें.

शिवाय हें ऋण उद्घाटनाच्या दिवशीं फिटत नाहीं. सांडपाण्यांतील घाण खाणाऱ्या जीवाणूंना हवा लागते, ती पुरविणाऱ्या यंत्रांना वीज लागते. विजेचें देणें थकलें कीं, कोट्यवधींचें केंद्र निरुपयोगी होतें. म्हणून बांधकामाइतकीच वर्षानुवर्षांच्या देखभालीची तरतूद झाली पाहिजे. ज्या खोऱ्यानें आपलीं घरें बुडवून दुसऱ्यांस वीज दिली, त्याचें पाणी केवळ विजेच्या खर्चावांचून अशुद्ध राहावें, यासारखी कृतघ्नता दुसरी कोणती? आमच्या मतें, या खोऱ्यासाठीं दिलेला पैसा उपकाराच्या वहींत लिहिणें अन्यायाचें आहे. तो देण्याच्या बाजूसच मांडला पाहिजे.