फळ्यावरचा नमुना

चित्रकलेच्या तासाला फळ्यावर नमुना काढायचा आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यायचा, ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी काळी कुणीतरी सुरू केली असेल हे लक्षातही येत नाही. पण तिला जन्मकाळ आहे आणि हेतूही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडातल्या कारखान्यांना बिनचूक रेघ ओढणारे, नक्षी हुबेहूब उतरवणारे हात हवे होते. त्यासाठी लंडनमध्ये पायरीपायरीने चढत जाणारा, पुढे साउथ केन्सिंग्टनच्या नावाने ओळखला गेलेला अभ्यासक्रम तयार झाला. आधी सरळ रेघ, मग वळण, मग छापील नक्षीची नक्कल, मग प्लॅस्टरचे ठोकळे. मुंबईत 1857 साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून कलाशाळा उघडली, तिथे हीच शिस्त रुजली आणि पुढे ड्रॉइंग मास्तरांच्या हातून गावोगावच्या हायस्कुलांत पोचली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा आजही होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे त्यांचे विषय त्या जुन्या शिस्तीशी नातं सांगतात.

या परीक्षांवर टीका करणं सोपं आहे. ती मी करणार नाही. लहान गावांतल्या कितीतरी मुलांना ‘जे.जे.’ नावाची जागा आहे हे ड्रॉइंगच्या सरांकडूनच कळलं. पेला, चेंडू, कापडाची घडी यांच्याकडे टक लावून पाहायची सवय वस्तुचित्राने लावली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ती सवय उपयोगी पडते, आणि त्या वयात त्याला ती हवीही असते. माझी तक्रार आहे ती पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या वतीने. कारागीर घडवायला आखलेली पद्धत खाली बालवर्गापर्यंत उतरली आणि दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या वह्यांतून फिरत राहिलं. विदर्भातल्या सपाट शेतांत वाढलेलं मूल ते काढतं, मुंबईत अकराव्या मजल्यावर राहणारं मूलही तेच काढतं.

मुलाचं चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची कच्ची आवृत्ती नव्हे, हा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोर धरू लागला. फ्रांत्स चिझेक हा तरुण चित्रकार बोहेमियातून व्हिएन्नात शिकायला आला आणि एका सुताराच्या घरी राहिला. घरातली मुलं त्याच्या खोलीत येऊन रंग-कागद मागायची. बाहेर कुंपणाच्या फळ्यांवर पोरं खडूने चित्रं काढायची. त्यांना कुणी नमुना दिलेला नव्हता, तरी त्या चित्रांना स्वतःची रीत होती. चिझेकने 1897 साली मुलांसाठी वर्ग सुरू केला. नक्कल बंद आणि हाताला साधनं भरपूर: कागदकाम, लिनोचे ठसे, माती, रंग. पहिल्या महायुद्धानंतर या मुलांच्या कामाची प्रदर्शनं इंग्लंडभर फिरली आणि शाळांतल्या चित्रकलेचं वळण बदलू लागलं.

तरी चिझेकच्या वर्गातली चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की त्यांत एक घराणं दिसतं. तीच ठसठशीत बाह्यरेषा, तोच सजावटीचा सोस. पुढच्या काळात टीकाकारांनी हे बोलून दाखवलं, आणि मला ते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. मुलांना मोकळं सोडलं म्हटलं तरी शिक्षकाची आवड वर्गात झिरपतेच. भिंतीवर कोणतं चित्र लागलं, ताई कोणत्या बाकाजवळ जास्त वेळ थांबल्या, ‘छान’ म्हणताना आवाज कुठे चढला, हे मुलं टिपत असतात. फळा कोरा असला तरी नमुना शिक्षकाच्या चेहऱ्यावर असतो.

आपल्याकडे हा विचार वेगळ्या वाटेने आला. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आणला. टकळी, माग, शेती यांतून भाषा आणि गणित शिकायचं, ही कल्पना. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा या भागावर तेव्हाच आक्षेप आले आणि ते रास्त होते. हात कामाला लागला म्हणजे मन कामात आलंच असं नसतं. ही उणीव कुणी भरून काढली असेल तर ती देवीप्रसाद यांनी. शांतिनिकेतनात शिकलेला हा तरुण 1944 साली सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आला आणि 1962 पर्यंत तिथे राहिला. ते स्वतः कुंभारकाम करत. कला हा वेळापत्रकातला एक वेगळा तास नाही, सगळ्या शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांचं म्हणणं वर्ध्याच्या मातीत मुलांबरोबर काम करून तयार झालं. महाराष्ट्रात घडलेल्या या कामाची ओळख आमच्या कलाशिक्षकांच्या प्रशिक्षणात ठळकपणे व्हायला हवी.

त्याच सुमारास, 1945 साली, ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे 1957 मध्ये अनुताई वाघांसह त्या कोसबाडला गेल्या. महागडी साधनं परवडत नाहीत, तर शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं, हा त्यांचा मार्ग. तो काटकसरीतून निघाला खरा, पण त्याने एक मोठी गोष्ट साधली: मुलाच्या अंगणातली वस्तू वर्गात मानाने आली. याच डहाणू परिसरात वारली घरांत लग्नाचा चौक बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात आणि मुली ते पाहतपाहत शिकतात. आज शहरी शाळांत ‘वारली’ म्हणजे दोन त्रिकोण आणि काड्यांचे हातपाय असा नमुना झाला आहे. ज्या भिंतीवरून तो आला तिची गोष्ट मुलांना सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी ती कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

नाझींच्या छायेतून व्हिएन्ना सोडून अमेरिकेत गेलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचं ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ हे पुस्तक 1947 साली आलं. तयार रेघांत रंग भरायच्या पुस्तकांना त्यांचा कडवा विरोध होता. मला त्यांच्याकडून मिळालेली मोलाची गोष्ट त्याहून जुनी आहे. व्हिएन्नात त्यांनी अंध आणि क्षीण दृष्टीच्या मुलांकडून मातीकाम करून घेतलं होतं. रूप डोळ्यांनीच कळतं हे गृहीतक त्या मुलांच्या बोटांनी मोडलं.

मी लहान मुलांचे कलावर्ग घेते आणि मातीचा दिवस हाच माझा आवडता दिवस. शाडू आदल्या रात्री भिजत घालावी लागते. फार ओली राहिली तर बोटांना चिकटते, सुकी राहिली तर तडे जातात. मळून कानाच्या पाळीइतकी मऊ झाली की मुलांपुढे ठेवायची. गोळा दोन्ही हातांत मावेल एवढा मोठा हवा. सुपारीएवढ्या गोळ्यातून सुपारीएवढंच धाडस निघतं. मग मी बोलत नाही. पहिली काही मिनिटं मुलं नुसती थापटतात, टोचतात, वळतात, आणि ती मिनिटं वाया गेलेली नसतात. पुढे हत्ती उभा राहतो आणि हमखास हाक येते, “ताई, पाय पडला!” आता शिकवायची वेळ आली. जिथे जोडायचं तिथे दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे, पातळ केलेली माती लावायची, दाबून धरायचं, सांधा बोटाने सारवून घ्यायचा. हेच मी सुरुवातीला सांगितलं असतं तर ती सूचना झाली असती. पाय पडल्यावर सांगितलं की ते मुलाच्या गरजेचं ज्ञान होतं. दीडशे वर्षांच्या या वादात, सगळं दाखवा आणि काहीच दाखवू नका या दोन टोकांच्या मधे, मला हीच जागा खरी वाटते. तंत्र द्यायचं, पूर्ण द्यायचं, पण मागणी आल्यावर.

नऊ-दहाव्या वर्षी ही मागणी फार आर्त होते. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य याच वयात ऐकू येतं, कारण मुलाचा डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो. तेव्हा ‘तुझ्या मनाने काढ’ म्हणणं म्हणजे त्याला एकटं सोडणं. इथे पेला समोर ठेवून लंबगोल कसा दिसतो हे दाखवायलाच हवं. जुन्या ड्रॉइंग मास्तरांची विद्या इथे कामी येते.

आजची अडचण वेगळीच आहे. उन्हाळी शिबिरात कापून तयार ठेवलेले तुकडे येतात, मुलं ते चिकटवतात, आणि संध्याकाळी तीस सारखी घुबडं तीस घरांत जातात. फी भरलेल्या पालकांना हातात काहीतरी दिसायला हवं असतं, हे मी समजू शकते. पण त्या घुबडात मुलाने घेतलेला निर्णय कोणता, हे शोधून सापडत नाही. याउलट दिवाळीचा किल्ला पाहा. विटा, दगड, मातीत बुडवलेलं गोणपाट, बुरुज ढासळला की पुन्हा थापायचा, हिरवळीसाठी मोहरी पेरायची, तळं कुठे आणि दरवाजा कुठे यावरून भांडायचं. मोठ्या मुलांकडून धाकटी शिकतात. आमच्या सगळ्या अभ्यासक्रमांना जे जमलं नाही ते या अंगणातल्या चिखलाने केलं आहे, आणि आता तयार किल्लेही बाजारात विकायला येतात.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. आठवड्यात सुट्या विखुरलेल्या चित्रकलेच्या दोन तासिका सलग जोडून द्या. पस्तीस मिनिटांत माती वाटून होते तोच धुऊन आवरायची वेळ होते, आणि मधे करायला काहीच उरत नाही. जोडतासिका, वर्गाजवळ एक नळ आणि सांडलेलं चालेल अशी एक खोली एवढं मिळालं, तर उरलेलं आम्ही कलाशिक्षक सांभाळू.