घरांतील दोन भाषा

शास्त्रपाठ: नहेम्या १३:२३-२४, २ तीमथ्य १:५



अर्तहशश्त राजाच्या कारकीर्दीच्या ३२ व्या वर्षीं नहेम्या राजाकडे परत गेला होता. कांहीं काळानें रजा घेऊन तो पुन्हां यरुशलेमेस आला, तेव्हां तेथील स्थिति पाहून तो फार व्यथित झाला. कित्येक यहूद्यांनीं अश्दोद, अम्मोन व मवाब येथील स्त्रियांशीं लग्नें केलीं होतीं आणि त्यांचीं अर्धीं मुलें अश्दोदी भाषा बोलत. यहूद्यांची भाषा त्यांस येत नसे. नगराचा पडलेला तट नहेम्यानें ५२ दिवसांत उभा केला होता. परंतु त्या तटाच्या आंत, लेंकरांच्या तोंडीं, दुसरीच पडझड चालली होती.

मग परकी भाषा बोलणें हें पाप आहे काय? मुळींच नाहीं. पन्नासाव्या दिवसाच्या सणीं पवित्र आत्मा आला तेव्हां देशोदेशींच्या लोकांनीं आपापल्या भाषेंत देवाचीं महत्कृत्यें ऐकिलीं. नहेम्याच्या दुःखाचें कारण निराळें होतें. ज्या भाषेंत देवाचें वचन घरीं बोललें जावें, तीच त्या मुलांच्या कानीं पडली नव्हती.

लहान मूल भाषा कसें शिकतें हें पाहूं या. सोलापूर जिल्ह्यांत अक्कलकोटाकडील गांवीं मराठी व कानडी या दोन्ही भाषा कानीं पडतात. तेथें दोन वर्षांचें लेंकरूं आईपाशीं ‘पाणी’ मागतें आणि कानडी शेजारणीपाशीं ‘नीरु’ मागतें. त्यास कोणीं पाटीवर धडा दिलेला नसतो. दोन भाषांनीं मुलाचा गोंधळ होईल अशी भीति कित्येक आईबापांस वाटते. परंतु या विषयाचे अभ्यासक सांगतात कीं, मूल कधीं कधीं दोहोंचे शब्द एकत्र करितें, तरी कोणाशीं कोणती भाषा बोलावी हें तें लौकरच ओळखतें. जन्मतांच तें आईचा आवाज ओळखतें. सुमारें वर्षाचें झालें म्हणजे पहिला शब्द बोलतें. परंतु त्यापूर्वींच पुष्कळ शब्द त्यास समजूं लागलेले असतात. ‘त्याला काय कळतें?’ असें आपण ज्या दिवसांत म्हणतों, त्याच दिवसांत तें सर्व कांहीं सांठवीत असतें.

तें केवळ शब्दच सांठवितें असें नाहीं. आई पदर डोक्यावर घेऊन प्रार्थनेस बसली कीं चिमुरडी फडक्याचा तुकडा डोक्यावर घेऊन डोळे मिटते. बाप चंची सोडून तंबाखू मळूं लागला कीं तिचा भाऊ मातीची चिमूट तळहातावर मळूं लागतो. दोघेंहि तितक्याच भक्तीनें करितात.

बंधुजनहो, मराठी व कानडी या भाषा एका घरांत सुखानें नांदतात. पण आमच्या घरांत आणखी दोन भाषा आहेत, त्या नांदत नाहींत: एक रविवारची, दुसरी सोमवारची. रविवारीं मंडळींत उभे राहून आम्ही गोड व गंभीर शब्दांनीं प्रार्थना करितों. सोमवारीं बैल जुंवाखालीं येत नाहीं, भाकरीस उशीर होतो, आणि त्याच जिभेनें बैलास व बायकोस एकच शिवी मिळते. रविवारीं प्रभूच्या मेजाशीं आम्ही सर्व एका भाकरीचे वांटेकरी होतों. घरीं येतांच त्याच मेजाशीं बसलेल्या बंधूचें नांव त्याच्या जुन्या जातीवरून तुच्छतेनें घेतों. ओसरीवर खेळणारें लेंकरूं तो शब्द अर्थ कळण्यापूर्वींच उचलतें. एकाच झऱ्यांतून गोड व कडू पाणी निघावें काय, असें याकोब विचारतो. लेंकरूं तर दोन्ही पाणीं पितें आणि यांतील आपली मायबोली कोणती हेंहि बरोबर ओळखतें: जी आठवड्यांतून सहा दिवस ऐकूं येते ती.

उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट आपणांस अधिक लागू आहे. दहा गांवीं सुवार्ता सांगून आपण रात्रीं घरीं येतों, तेव्हां अकरावें गांव आपल्या उंबरठ्याच्या आंत जागें असतें.

लुस्त्र येथील तीमथ्याचें घर पाहा. बाप हेल्लेणी, आई विश्वास धरणारी यहूदीण, आणि बाहेर लोकसमुदाय लुकवनी भाषेंत ओरडणारा. अशा ठिकाणीं वाढलेल्या मुलाविषयीं पौल लिहितो, तेव्हां त्यास किती भाषा येत होत्या हें तो सांगत नाहीं. आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायीं राहणारा विश्वास त्याच्या ठायींहि राहतो, हें सांगतो. ज्या भगिनींचे पति अद्याप मंडळींत आले नाहींत त्यांनीं धीर धरावा. युनीकेचें घरहि मिश्रच होतें.

आपल्यापैकीं कित्येकांनीं ही नवी भाषा मोठेपणीं शिकली आहे आणि रागाच्या वेळीं जुनी भाषाच तोंडीं येते. पेत्राची बोली गालीलकराची होती. त्या रात्रीं त्याच जिभेनें त्यानें शपथा वाहून प्रभूला नाकारिलें. पुढें त्याच जिभेनें त्यानें सुवार्ता गाजविली. बोली बदलली नव्हती, अंतःकरण बदललें होतें.

म्हणून तीन गोष्टी करूं या. दिवेलागणीस लेंकरास मांडीवर घेऊन प्रार्थना करावी. ती आखूड असावी, आणि ज्या बोलींत आपण पाणी मागतों त्याच बोलींत असावी. जो शब्द मंडळींत उच्चारतां येत नाहीं, तो चुलीपुढेंहि उच्चारूं नये. आणि वाईट शब्द तोंडून गेलाच, तर ज्या लेंकरानें तो ऐकिला त्याच्यादेखतच पत्नीस किंवा शेजाऱ्यास ‘मी चुकलों, क्षमा कर’ असें म्हणावें. पुष्कळ घरांत मुलांनीं बापाच्या तोंडून हे शब्द कधींच ऐकिलेले नाहींत. जें मूल ते ऐकेल, तें क्षमेची भाषा मायबोलीसारखी शिकेल. आणि प्रभूच्या क्षमेची वार्ता त्याच्या कानीं पडेल तेव्हां ती त्यास परकी वाटणार नाहीं.

प्रभु आपल्या जिभा शुद्ध करो आणि आपल्या लेंकरांस स्वर्गीय घरची भाषा आपल्याच उंबरठ्याच्या आंत ऐकूं येवो. आमेन.