सोसलेली वर्षे, सरलेली वर्षे

मारहाणीच्या जुन्या खटल्यात कुणाला शिक्षा झाली की एक वाक्य हटकून कानी येते: ‘इतक्या वर्षांनी आता काय उपयोग?’ ते शहाणपणाचे वाटते, दयाळूही वाटते. म्हणूनच तपासायला हवे. धाक बसावा म्हणून कितीही उशिरा तुरुंगच मागणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. न्यायाधीश वाढवा म्हणणाऱ्यांचे खरेच आहे, पण आज निकालाला आलेल्या अपिलाचे काय करायचे, हे त्याने ठरत नाही.

क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांचा खटला घ्या. डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळ्यात रस्त्यावरच्या भांडणात ६५ वर्षांच्या एका गृहस्थांना मार बसला आणि त्यांचा मृत्यू झाला. १९९९ मध्ये सत्र न्यायालयाने सिद्धूंना निर्दोष ठरवले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षे दिली. मृत्यू त्या माराने झाल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा साध्या दुखापतीवर आणला आणि फक्त हजार रुपये दंड केला. घटना तीस वर्षांपूर्वीची, हे त्यामागचे एक कारण. २०२२ मध्ये फेरविचारात एक वर्षाची सक्तमजुरी झाली. तेव्हा भर होता तो धडधाकट खेळाडूचा हातही शस्त्र ठरू शकतो, यावर. वर्षांचा हिशेब मागेच राहिला.

‘आता काय उपयोग’वाले म्हणतात, डोक्यावरची टांगती तलवार हीच शिक्षा. असेलही. जामीनदार न मिळाल्याने जो कोठडीत कुजला, ज्याने तारखेमागून तारखेला मजुरी बुडवून तालुका गाठला, त्याला शिक्षेत वजावट मिळालीच पाहिजे. पण वरच्या खटल्यातली वर्षे आठवा: आंतरराष्ट्रीय क्रिकेट, लोकसभा, २००७ मध्ये दोषसिद्धीच स्थगित झाल्याने पुन्हा निवडणूक, २०१८च्या निकालावेळी पंजाबात मंत्रिपद. ही वर्षे सरली. सोसली गेली असे म्हणणे कठीण आहे.

मग ते म्हणतात, माणूस बदलतो. बदलतो ना, पण बदल दाखवावा लागतो, नुसती वर्षे मोजून तो कळत नाही. १९५८चा प्रोबेशनचा कायदा त्यासाठीच आहे: अधिकाऱ्याचा अहवाल पाहा, चांगल्या वर्तणुकीचा बाँड घ्या, मग सोडा. खटला जुना एवढ्यावरच सोडू लागलो, तर अपील रेंगाळत ठेवणे हाच बचाव होऊन बसेल. रेंगाळणाऱ्या खटल्यांविषयीच्या अंतुले निकालात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने विलंबाला जबाबदार कोण, हे पाहायला सांगितले होते. शिक्षा ठरवताना तो प्रश्न सहसा कुणी काढत नाही.

आणि जखमी? अपिलात आरोपीची शिक्षा स्थगित होते, जामीन मिळतो. दंडातून द्यायची भरपाई मात्र अपिलाचा निकाल लागेपर्यंत जखमीच्या हाती पडत नाही. उशिराची झळ एकाला, सवलत दुसऱ्याला. हरियाणातल्या एका मारहाणीच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच वेगळी वाट दाखवली होती. आरोपींची प्रोबेशनवरची सुटका कायम राहिली, पण ज्याची वाचा कायमची बाधित झाली त्याची भरपाई वाढवून ५०,००० रुपये केली. दया दाखवली, तीही जखमीच्या खर्चाने नव्हे.

माझी मागणी लहान आहे. शिक्षा कमी करताना निकालात लिहा: या वर्षांपैकी आरोपीने सोसलेली किती, नुसती सरलेली किती, आणि लांबण लावली कुणी. सोसलेल्या वर्षांची वजावट हा त्याचा हक्क आहे. सरलेल्या वर्षांवर तसा हक्क नाही. तिथे तुरुंग टाळायचाच असेल तर जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई द्यावी लागेल. वय, आजारपण पाहून कुणाला घरी पाठवावे लागेलही, मी आड येणार नाही. पण मग कारण म्हणून आजारपण लिहा, घटनेची तारीख नको.