जळकं ऑइल

गिअरबॉक्सचं ऑइल मी घरीच बदलतो. का, असं कुणी विचारलं की उत्तर तयार असतं: बाहेर कुणी मनापासून काम करत नाही. हे उत्तर इतक्यांदा देऊन झालंय की ते खरं आहे का, हे तपासायचं राहूनच गेलं.

पैसे वाचतात म्हणून मी हे करत नाही. ऑइल तेच, त्याच किमतीचं. वाचते ती मजुरी, आणि गाडीखाली घालवलेल्या रविवारच्या मानाने ती फार नाही. गॅरेजवाल्यावर विश्वास नाही, हे कारण त्यापेक्षा खरं. माझी गाडी जुनी, पाच गिअरची ऑटोमॅटिक. तिला ठरावीक जातीचंच ऑइल चालतं आणि पातळी बघायची रीत जरा किचकट आहे. गाडी सपाट जागी हवी. रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, मग बंद करून मिनिटभर थांबायचं आणि दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक बघायची. मागे चार गाड्या खोळंबलेल्या असताना ते मिनिट कोण पाळणार? ड्रेन बोल्टचा ॲल्युमिनियमचा वॉशर कोण बदलणार? त्या बोल्टला चुंबक असतं, त्यावर लोखंडाचा करडा लेप जमतो. लेप मऊ लागला तर ती नेहमीची झीज, बोटांना कपचे टोचले तर आत काहीतरी तुटतंय. तो चोळून बघायला कुणाला सवड आहे?

मी हे सगळं करतो. वॉशर नवा घालतो, लेप चोळून बघतो, निघालेलं ऑइल मोजून तेवढंच नवं नरसाळ्याने भरतो. पण याचं श्रेय कितीसं घ्यायचं? गाडी माझी आहे. गळती लागली तर माझ्याच पार्किंगमध्ये डाग पडणार, गिअरबॉक्स बसला तर खर्च मलाच येणार. स्वतःच्या वस्तूची काळजी घेण्याला सचोटी म्हणत नाहीत. गॅरेजमधला तो मुलगा दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठीवर पडलेला असतो आणि त्याने परक्याच्या वस्तूला आपली मानावं, अशी माझी अपेक्षा असते. माझी तशी परीक्षा कुणी घेतली आहे?

एका बाबतीत ती दर वेळी होते. काम संपलं की कॅनमध्ये अडीचेक लिटर काळपट ऑइल उरतं. भरताना ते लालभडक होतं. वापरलेलं ऑइल म्हणजे कायद्याने घातक कचरा. 2016 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. पण पुण्यातल्या एका सोसायटीतल्या एका माणसाच्या अडीच लिटरसाठी दारात कोण येणार? कचरा नेणाऱ्या ताईंना ते देणं हा अन्याय आहे. गटारात ओतलं तर नाल्यातून मुठेत जाणार, तेवढी लाज अजून शिल्लक आहे. बांधकामावरचे लोक मागतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला. कुणी वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतं. तिथून ते मातीतच मुरतं.

तेव्हा मी कॅन उचलतो आणि त्याच गॅरेजमध्ये जातो. तिथे कोपऱ्यात पिंप आहे. त्यात कॅन रिकामा करतो, ओशाळं हसतो आणि निघतो. पिंप भरल्यावर कोण नेतं, हे विचारत नाही. नवं ऑइल भरायला ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्यावर जुन्या ऑइलच्या बाबतीत मात्र माझा गाढ विश्वास आहे. विचारत नाही कारण तो खरं सांगेल. भट्टीत जाळायला जातं म्हणाला, तर तो कॅन घेऊन मी कुठे जाणार?

या ऑइलचा मागचा इतिहासही न विचारलेल्या प्रश्नांचाच आहे. जनरल मोटर्सने 1940 सालच्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. आतल्या क्लच प्लेटांनी हिसका न देता पकड घ्यावी, म्हणून त्यानंतर कितीतरी वर्षं अशा ऑइलमध्ये स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळलं जाई. 1970 मध्ये अमेरिकेने या माशाला (खरं तर तो सस्तन प्राणी) संकटग्रस्तांच्या यादीत घातलं आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधणं भाग पडलं. त्याआधी तिकडे घरोघरी रविवारी मोजूनमापून ऑइल बदलणारे काटेकोर लोक असणारच. डब्यात काय आहे, हे त्यांनी विचारलं नसेल. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आता गाडी विकायला काढली आहे. एकाने फोनवर विचारलं, "गिअरबॉक्सचं ऑइल बदललंय ना?" मी हो म्हणालो. ते खोटं नाही. पण ड्रेन बोल्ट काढल्यावर निम्म्याहून कमीच ऑइल बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये अडकून राहतं. मधे गाडी चालवून तीनदा काढ-घाल केली तरी साधारण पाचवा हिस्सा जुनंच उरतं. एवढा तपशील ऐकून त्याला कंटाळा येईल, अशी मी माझी समजूत घातली.

दुसरी गोष्ट अवघड आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी निघाली की दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना किंचित हिसका देते. ऑइल बदलल्यावर तो कमी झाला, पण गेला नाही. किलोमीटर-दोन किलोमीटर चाललं की कळतही नाही. गाडी बघणारे येतात संध्याकाळी, मी ऑफिसातून घरी पोचल्यावर, गिअरबॉक्स चांगला तापलेला असताना. मला काही लपवावं लागत नाही. फक्त संध्याकाळची वेळ द्यावी लागते.

या माणसाला मी रविवारी सकाळी सातला बोलावलं आहे. त्याआधी चटकन गाडी काढून दूध घेऊन यावं, असं काल रात्रीपासून सारखं मनात येतंय. आमच्याकडे दूध घरपोच येतं.