पडद्यावरचा गोवेकर

एखाद्या समाजाचं चित्र बिघडवायला खोटंच बोलावं लागतं असं नाही. खऱ्यातला एक तुकडा उचलावा आणि तोच पुन्हा पुन्हा दाखवावा, तेवढं पुरतं. हिंदी चित्रपटातला गोव्याचा ख्रिस्ती माणूस असाच घडला.

'बॉबी'तला (१९७३) जॅक ब्रगांझा मासळीच्या धंद्यातला, दिलदार आणि दारूचा शौकीन. 'अमर अकबर अँथनी'तला (१९७७) अँथनी देशी दारूचा अड्डा चालवतो. आणि खलनायकांच्या क्लबात नाचायला रोझी, लिली, मोनिका. एकेकट्या पात्रावर फारसा आक्षेप घेता येत नाही. जॅक आणि अँथनी तर मनाने मोठे आहेत. गोव्यात मासेमार आहेत, फेणीही आहे. दोष एका पात्रात नाही, त्याच त्या पात्रांच्या रांगेत आहे. वारंवार दिसलेलं ओळखीचं होतं आणि ओळखीचं ते खरंच असणार, असं मन धरून चालतं.

या रांगेत कोण नव्हतं, ते पाहिलं की नुकसान केवढं झालं ते कळतं. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथून मुंबईत आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंद दिला. शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांचं वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझांचं. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. १९५८ साली त्यांनी भारतीय रागांवर रचना करून सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. 'अमर अकबर अँथनी'तल्या नायकाला त्यांचंच नाव मिळालं. त्या चित्रपटाला संगीत देणाऱ्या शिष्याने गुरूला केलेलं ते वंदन होतं. पण पडद्यावर नाव तेवढं आलं, व्हायोलिन आलं नाही. ज्यांचे सूर आपण ऐकत होतो, त्यांचीच विद्या आपल्याला दिसली नाही.

गोवेकरांनी स्वतःची गोष्ट सांगितली नाही, असंही नाही. संगीतकार फ्रँक फर्नांड यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. 'निर्मोण'वरून पुढच्याच वर्षी हिंदीत 'तकदीर' आला. त्यात नायक झाला गोपाल. संसार, ताटातूट, निष्ठा यांची कथा हिंदीने घेतली, पण ती गोव्याच्या माणसांची ठेवली नाही.

साचा असा दोन हातांनी बनतो. एक हात तेच तेच पुढे करतो, दुसरा बाकीचं सगळं आड ठेवतो. म्हणून एखादं पात्र सज्जन दाखवल्याने साचा मोडत नाही. त्या समाजातला शिक्षक, वादक, डॉक्टर, भांडकुदळ शेजारी असे नाना तऱ्हेचे लोक दिसू लागले, तरच तो मोडतो.

हिंदी पडद्यावर घरकामाची बाई आणि हवालदार हटकून मराठी असतात, हे आपल्याला खुपतं. ते खुपणं आपल्यापुरतं ठेवू नये. मराठी मालिका-चित्रपटांतला भैया, मारवाडी, मद्रासी पाहतानाही तोच प्रश्न विचारावा: या माणसाचं आणखी काय दाखवायचं राहिलं?