झाकलेले आणि मिटलेले

एखादा अन्याय घडून बरेच दिवस लोटले, म्हणजे त्यावर माती लोटावी की तो उघडा ठेवावा, हा प्रश्न प्रत्येक गावात व प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उभा राहतो. शांतताप्रिय मनुष्य म्हणतो, झाले गेले विसरून जा. ज्यास इजा झाली तो म्हणतो, मी कसा विसरू? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास जर्मनी देशातील दोन टेकड्या आम्हांस फार उपयोगी वाटतात. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या घरांच्या दगडविटांनी मनुष्यांनी एक नवी रचली आणि दुसरी, जी आधीच होती, ती उंच केली.

पहिली न्यूरेंबर्ग शहरात आहे. तेथे १९३७ च्या सप्टेंबरात हिटलरने एका अवाढव्य क्रीडांगणाची कोनशिला बसविली. त्यात एका वेळी चार लाख लोक मावावयाचे होते. पायासाठी प्रचंड खड्डा खणला गेला. इतक्यात १९३९ साली युद्ध पेटले, काम थांबले आणि खड्ड्यात जमिनीतले पाणी भरले. पुढे २ जानेवारी १९४५ रोजी विमानांतून झालेल्या बाँबवर्षावात शहराचा जुना भाग बहुतेक जमीनदोस्त झाला. युद्ध संपल्यावर राडारोडा टाकावा कोठे? खड्डा आयताच होता. त्याच्या एका बाजूस पडक्या घरांचे दगड, त्यांत शहराचा केरकचरा, त्यांतच कारखान्यांची घाण, असे कित्येक वर्षे पडत गेले आणि टेकडी झाली. तिचे नाव सिल्बरबुक. वर माती पसरली, गवत आले, झाडे वाढली. पाहणाऱ्यास ती रम्य दिसते.

परंतु पायथ्याशी त्याच खड्ड्याचे उरलेले तळे आहे. त्यास लोक रुपेरी सरोवर म्हणतात, आणि त्यात उतरण्यास सक्त मनाई आहे. पावसाचे पाणी टेकडीत मुरते, आतल्या घाणीतून झिरपते आणि तळ्यात येते. त्यामुळे तळ्याच्या खोल पाण्यात सडलेल्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू साठला आहे. मनाई मोडून उतरलेल्या काहींचे प्राणही गेले आहेत. उकिरड्याशेजारी विहीर खणू नये हे आपल्या बायाबापड्यांसही ठाऊक असते. उकिरड्यावर हिरवळ आली म्हणून विहीर शुद्ध होत नाही.

कोणी म्हणेल, त्या लोकांनी तरी काय करावे? हे म्हणणे न्यायाचे आहे. लेकरांना छप्पर हवे होते, आणि रस्ते मोकळे झाल्यावाचून शहरात अन्न येणार कसे? राडारोडा हलविणे हे पाप नव्हे. दुःखी मनाचेही तसेच आहे. जळलेल्या घराकडे रोज पाहत बसून कोणास जगता येत नाही. म्हणून झाकणे नेहमीच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आत काय आहे ते सांगून झाकले, की आत काहीच नाही असे भासवून झाकले, हे पाहावयाचे.

आता दुसऱ्या टेकडीकडे वळू. स्टुटगार्ट शहराजवळ बिर्केनकोप्फ नावाची टेकडी आहे. १९५३ पासून १९५७ पर्यंत त्या शहराच्या लोकांनी सुमारे पंधरा लाख घनमीटर दगडविटा तिच्यावर नेऊन टाकल्या. त्यामुळे ती सुमारे चाळीस मीटरांनी उंच झाली. लोक थट्टेने तिला खापरांचा डोंगर अशा अर्थाच्या नावाने हाक मारतात. मात्र तिच्या माथ्यावरचे दगड त्यांनी मातीखाली घातले नाहीत. मोडलेले खांब, कोरीव चौकटी, घरांच्या दर्शनी भिंतींचे तुकडे तसेच उघडे पडले आहेत. मेलेल्यांची आठवण राहावी आणि जिवंतांनी सावध व्हावे, अशा आशयाचा लेख तेथे आहे. माथ्यावर क्रूस उभा आहे, व तेथे उघड्यावर उपासनाही होतात. जो चढतो त्यास आपण कशावर उभे आहो हे कळते.

येथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण ते दगड तरी काय सांगतात? आमची घरे पडली, एवढेच. त्याच शहरातून १ डिसेंबर १९४१ रोजी सुमारे एक हजार यहूदी स्त्रीपुरुषांस व मुलांस आगगाडीत कोंडून रीगा शहराकडे नेण्यात आले, आणि त्यांतले फारच थोडे वाचले. ही गोष्ट पडक्या घरांचे दगड सांगत नाहीत. आपणांस झालेली जखम उघडी ठेवणे मनुष्यास फारसे जड जात नाही. आपण केलेली जखम तो पुरतो.

तरी ती टेकडी वाढू लागण्याच्या आधीच, १९ ऑक्टोबर १९४५ रोजी, त्याच शहरात जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी परदेशांतून आलेल्या बंधूंसमोर एक कबुली दिली. आमच्या हातून अनेक राष्ट्रांवर अपार दुःख आले, आणि आम्ही पुरेशा धैर्याने उभे राहिलो नाही, असा तिचा आशय होता. तिच्यावर सही करणाऱ्यांत मार्टिन निमोलर होते, जे स्वतः १९३७ पासून १९४५ पर्यंत हिटलरच्या कैदेत होते. त्यांस, मीही सोसले आहे, असे म्हणून बाजूस होता आले असते. पुष्कळ जर्मन लोक ह्या कबुलीवर रागावले. आमची पोरे उपाशी आहेत आणि तुम्ही आम्हांसच दोषी ठरविता काय, असे ते म्हणाले. शिवाय त्या कबुलीत यहूद्यांचे नावसुद्धा नव्हते. ती अपुरी होती. पण खरे बोलण्यास तेथून आरंभ झाला.

वाचकहो, हे लिहिताना आमचेच एक कृत्य आमच्या डोळ्यांपुढे येते. काही वर्षांपूर्वी एका गावी एका विधवा बाईच्या शेताचा बांध तिच्या दिराने सरकविला होता. आम्ही मध्यस्थीस गेलो. बांध कोणी सरकविला हे आम्ही विचारले नाही. विचारले असते तर मंडळीत फूट पडेल असे भय वाटले. "बाई, झाले गेले विसरा," असे आम्ही म्हणालो, प्रार्थना केली, आणि समेट झाला असे सांगून चहा घेऊन परतलो. त्यानंतर ती बाई उपासनेस येई, पण दाराशी बसे व प्रभुभोजनाच्या वेळी उठून जाई. दोष कबूल होण्याआधीच आम्ही तिच्याकडून क्षमा मागून घेतली होती. आम्ही हिरवळ लाविली, आणि पाणी नासले.

उपदेशक बंधूंस व पंचांस आमची विनंती अशी की, तंटा मिटविण्यास बसाल तेव्हा प्रथम बांध मोजा, आणि ज्याने सरकविला त्याच्या तोंडून ते चारचौघांत येऊ द्या. मग क्षमेची गोष्ट काढा. आणि क्षमा करावी की नाही, केव्हा करावी, हे ज्याचे शेत गेले त्याच्यावर सोपवा. आम्हीही त्या बाईकडे पुन्हा जाणार आहो. ह्या वेळी मोजणीची साखळी बरोबर नेऊ.